गाईडातली आई

कुरणे बाईंच्या निरोप समारंभाला बाई आल्याच नाहीत. शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेलं मानपत्र टेबलावर तसंच पडून होतं आणि माणसं एकामागून एक उठून त्यांच्याविषयी बोलत होती. 'शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या', 'विद्यार्थ्यांना पोटच्या लेकरांप्रमाणे जपणाऱ्या', 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य अखंड करणाऱ्या'. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत चाललं होतं. कुरणे बाई आणि शांत? अहो, बाईंचा आवाज चढला की खालच्या मजल्यावर माझ्या वर्गातली पोरं त्रिकोण अर्धा टाकून छताकडे बघायची. मनमिळाऊ म्हणाल, तर आमच्या स्टाफरूममध्ये बाईंशी ज्याचं वाजलं नाही असा माणूस शोधावा लागला असता. ही भाषणं कुठून आली होती ते मला पक्कं ठाऊक होतं. नाव बदललं की कुणालाही चालावीत अशी ती भाषणं होती. ज्या गोष्टीवर ही बाई आयुष्यभर जळली, नेमकं तेच ताटात वाढून तिला निरोप दिला गेला. म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो. मी गणिताचा मास्तर, मला लिहिण्याची सवय नाही. पण राग आहे, आणि बाई म्हणायच्या की राग आल्यावरच माणूस स्वतःचं वाक्य बोलतो.

आमची शाळा कोल्हापुरात, बाई उचगावच्या. रोज स्कूटीवरून यायच्या. सुती साडी, पायात पोरांसारखे पांढरे बूट, चष्मा कपाळावर चढवलेला. नववी-दहावीला मराठी शिकवायच्या. एरवी त्यांचं बोलणं इतकं नीटस की त्यांच्यासमोर हेडसर आपलं वाक्य मनात जुळवून मगच तोंड उघडत. पण राग आला की भाषा थेट उचगावला जायची. आणि निबंधाचा गठ्ठा पुढ्यात आला की राग ठरलेला.

स्टाफरूममध्ये माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे त्यांची तपासणी मी रोजच्या रोज सोसली आहे. चहा समोर गार होत असायचा. एक पेपर वाचायच्या, दुसरा वाचायच्या, तिसऱ्याला थांबून कागद नाकाशी धरायच्या.

"पाटील सर, वास घ्या."

"कसला?"

"आंबलंय. साठ घरातनं एकच भांडं फिरलंय. घ्या की."

मी वास घ्यायचो. शाईचा यायचा. बाई गठ्ठा टेबलावर आपटायच्या आणि इंग्रजीच्या मॅडम दचकायच्या. गाईडाशी बाईंचा उभा दावा होता. आता पोरांच्या मोबाईलवर गाईडाची पीडीएफ आली, हल्ली तर मोबाईलच निबंध लिहून देतो, पण बाई त्या सगळ्याला गाईडच म्हणायच्या. वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "खोटं लिवलंस तरी चालंल, पण सोताचं खोटं लिव."

शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती तेव्हाची गोष्ट. परत आल्यावर बाईंनी 'मी पाहिलेला किल्ला' लिहायला दिलं. त्यांचा हिशेब सरळ होता. पोरं नुकती किल्ला बघून आली आहेत, मक्याची कणसं खाऊन, एकमेकांच्या टोप्या उडवून आली आहेत, आता तरी आपलं लिहितील. गठ्ठा आला. पहिल्याच निबंधात 'तटावरून समोर अथांग सागर पसरला होता'. दुसऱ्यात लाटा तटबंदीला धडका देत होत्या. तिसऱ्यात क्षितिजावर शिडाची होडी. गाईडातला किल्ला समुद्रातला होता, त्याला पोरं काय करणार? कोल्हापूरच्या आख्ख्या वर्गाला पन्हाळ्यावरून समुद्र दिसला.

मी पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना भोपळा दिला. दुसऱ्या दिवशी एक पालक तणतणत आले, पोराच्या पेपरची घडी हातात.

"बाई, ह्यात चूक काय हाय सांगा. एक अक्षर चुकलं न्हाय पोराचं."

"पन्हाळ्यावरून समुद्र दिसतो का हो?"

गृहस्थांनी घडी उघडून ती ओळ पुन्हा वाचली. "पाऊस नसंल तवा लांबनं दिसत आसंल की. गाईडात हाय म्हंजे काय उगंच हाय व्हय?"

ते गेल्यावर मला बाईंनी त्यांच्या आज्याची गोष्ट सांगितली. आजा निरक्षर. दुसऱ्यानं लिहिलेला कागद समोर यायचा आणि आजा अंगठा उठवायचा. कागदात काय आहे ते लिहिणाऱ्याला ठाऊक. एकदा तर स्वतःच्याच विरुद्ध दिलेल्या जबाबावर त्यानं अंगठा दिला होता. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आज्यानं घरात एकच नियम केला, पोरगा असो की पोरगी, आपला कागद आपण लिहायचा. "मी मराठी का घेतलं, तर त्यासाठी," बाई म्हणाल्या. "आणि आता बघा. हे सगळे अंगठेच आहेत, सर. फक्त शाईच्या जागी पेन आलं."

एवढं सांगून त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला. मला वाटलं होतं की त्यांच्या डोळ्यात पाणी येईल, पण पाणीबिणी बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या रागावूनच जगायच्या, आणि मला विचाराल तर त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

मागच्या वर्षी दहावीच्या सहामाहीला 'माझी आई' आला. गाईडातल्या निबंधात आई शेवटी मरते. का मरते देव जाणे, पण मरते, कारण त्याने म्हणे निबंध परिणामकारक होतो. 'आणि तो काळा दिवस उगवला. माझ्या आयुष्यातील नंदादीप विझला. आज ती नाही, पण तिचे संस्कार माझ्यासोबत आहेत.'

"अर्ध्या वर्गानं आया मारल्या, पाटील सर," बाई गठ्ठ्यावर हात आपटत म्हणाल्या. "आया हायत की ह्यांच्या. परवा गेटात डबा घेऊन उभी होती ती कोण, भूत?"

त्याच आठवड्यात पालकसभा होती. बाई पेपर घेऊनच सभेला गेल्या. मी थांबवलं, ऐकतील तर त्या बाई कसल्या. समोर आया बसलेल्या, नोकरीवरून तशाच आलेल्या, कुणाच्या कडेवर धाकटं. बाईंनी एक पेपर उघडला आणि निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. मग म्हणाल्या, "हा निबंध ज्यांच्या मुलानं लिहिलाय त्या आई इथं बसल्या आहेत. तुमच्या मुलानं तुम्हाला परीक्षेत मारलंय, हे तुम्हाला माहीत आहे का?" आणि नाव घेतलं.

एक आई पदरानं डोळे पुसत उभी राहिली. "बाई, माझ्या पोरानं लिवलं व्हय ह्ये?"

"हो."

"आगं बया. मी मेल्यावर एवढं रडंल व्हय त्यो?" तिनं आजूबाजूला बघितलं. बाकीच्या आयाही डोळे पुसत होत्या. "घरात तर सरळ बोलत बी न्हाय. लई चांगलं लिवलंय वो. मार्क किती दिलं?"

भोपळा दिलाय हे त्या माऊलीला सांगायचं कसं? बाई खाली बसल्या. उरलेली सभा हेडसरांनी ओढून नेली. बाहेर आल्यावर मला हसू आवरत नव्हतं आणि बाई माझ्या अंगावर आल्या. "हसू नका. पोराला आईशी बोलायला एक वाक्य मिळालं, ते पण विकतचं. आणि तिला ते आवडलं. मी कुणाकुणावर चिडू, सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर वाटले. आया मारणाऱ्या सगळ्यांना शून्य. तास संपल्यावर एक मुलगी जागची उठली नाही. सानिका नाव. जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून आमच्याकडे आलेली, मागच्या बाकावर गप्प बसणारी. शेजारच्या पोरीनं बाईंना हळूच सांगितलं, "बाई, हिची आई खरंच न्हाय. मेमधी गेली."

बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या टेबल धरून उभ्याच राहिल्या. मी खुर्ची पुढे केली, त्यांनी पायानं सारली.

"हिची आई खरंच गेली, सर. आणि हिनं काय लिवलं? नंदादीप विझला. नंदादीप म्हंजे काय गं, म्हटलं, तर तिला ठावं न्हाय. मग का लिवलंस? तर म्हणती, बाई, मागच्या शाळेत माझं मी लिवायची तवा धापैकी तीन पडायचं. गाईडातलं लिवलं की आठ." बाईंचा आवाज फाटला. "आई मेल्यावर सुदीक त्या पोरीला आपलं म्हणून एक वाक्य ठिवलं न्हाय हो आपण. तेवढं पण काढून घेतलं."

शिव्या मी इथं लिहीत नाही. त्या गाईड काढणाऱ्याला होत्या, मार्क देणाऱ्यांना होत्या, आणि माझ्यासकट तिथं बसलेल्या सगळ्यांना होत्या. मला त्यातली एकही जास्त वाटली नाही.

मग बाईंनी त्या पोरीला धरलं. रोज मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात बसवायच्या आणि आईबद्दल काहीही विचारायच्या. आई सकाळी पहिल्यांदा काय करायची, कशावरून ओरडायची, डब्यात काय न्यायची. पोरगी सुरुवातीला गप्प. मग एकेक शब्द. मग एक दिवस बाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला. त्यातला थोडा भाग मला अजून पाठ आहे.

'आईच्या डोक्यात वाळू असायची. ती फौंड्रीत वाळूचे साचे करायला जायची. रविवारी न्हाली की मोरीत काळी वाळू साचायची. मी चिडायची कारण मोरी मला घासायला लागायची. आई गेल्यावर पप्पा म्हणाले, मोरी घासू नको, राहू दे. मग पाणी तुंबायला लागलं आणि आत्या आली तेव्हा तिनं घासली. मी आत्याशी खूप दिवस बोलले नाही.'

मी वाचलं आणि उगाचच खडूची पेटी उघडून बघत बसलो. बाई त्या दिवशी मला पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा खूश दिसल्या. त्यांनी गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

पूर्वपरीक्षा आली. 'मला न विसरता येणारी व्यक्ती' हा विषय होता. सानिकानं वाळू लिहिली. बाईंनी दहापैकी नऊ दिले. पण आमच्या संस्थेत पूर्वपरीक्षेचे पेपर पर्यवेक्षक पुन्हा बघतात. त्याला 'बोर्डाच्या नजरेनं बघणं' म्हणतात. ही नजर आमच्या पर्यवेक्षकांना कुणी दिली मला माहीत नाही, पण ते स्वतः मराठीचे आणि ती नजर आपल्याला आहे याविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांनी नऊचे तीन केले. समासात लाल शाईनं लिहिलं होतं: 'प्रस्तावना नाही. काव्यपंक्ती नाही. भाषा अशुद्ध. मोरी?'

मोरीपुढचं ते प्रश्नचिन्ह आठवलं की आजही माझी मूठ वळते.

हेडसरांच्या खोलीत बैठक झाली तेव्हा मी होतो. बाईंनी पेपर पर्यवेक्षकांसमोर सरकवला. "अशुद्ध काय आहे यात, तेवढं दाखवा."

"बाई, तुम्ही भावनिक होताय. मोरी हा शब्द निबंधात शोभतो का?"

"मग कुठं शोभतो? तुमच्या घरात मोरी न्हाय व्हय?"

"प्रश्न तो नाही. भाषेला एक शुद्धता लागते, एक संस्कार लागतो."

शुद्धता आणि संस्कार हे शब्द कुणाच्या तोंडून कुणाला ऐकवले जातायत, ते तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पर्यवेक्षकांनाही कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा पुसायला घेतला. बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे शब्द आमच्या तीन पिढ्यांनी ऐकलेत. या पोरीला तुम्ही ऐकवू नका." हळू आवाजातल्या बाई मी तोवर बघितल्या नव्हत्या. मी त्यांच्या बाजूनं दोन वाक्यं बोललो. गणितवाल्यानं मधे पडू नये, असं मला सांगण्यात आलं.

हेडसर माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "बाई, तुमचं सगळं खरं. पण बोर्डात तिचा पेपर कोण तपासणार? तुम्ही?"

बाई स्वतः कित्येक वर्षं बोर्डाचे पेपर तपासत होत्या. तिथली माणसं वाईट नसतात, दमलेली असतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. गठ्ठ्यावर गठ्ठे पडलेले असतात, ओळखीचा निबंध दिसला की जिवाला बरं वाटतं, आठ देऊन माणूस पुढे जातो. अनोळखी निबंध वाचावा लागतो. बाईंनी पेपर उचलला आणि बाहेर पडल्या. तीनचे नऊ झाले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी सानिकाचे वडील आले. टेम्पो चालवतात, गाडी गेटाबाहेर लावून आले होते. मला वाटलं आता हे भांडणार. ते हात जोडून उभे राहिले.

"बाई, पोरीनं मला वाचून दावलं वाळूचं. लई खरं लिवलंय. मला त्या राती जेवान गेलं न्हाय." मग ते थांबले. "पर तेवढं बोर्डात नगं, बाई."

"का?"

"वारणानगरला माझी भन ऱ्हाती, कॉलनीत. पोरीला सायन्सला घाला, मी सांबाळती म्हणती. पर मार्क पायजेत, तवा नंबर लागतोय. न्हाय लागला तर..." त्यांनी मान खाली घातली. "फौंड्रीचा ठेकेदार आत्तापास्नं म्हणालाय, आईच्या जाग्यावर पोरीला घेतो. मी न्हाय म्हणीन वो. पर घरातली मानसं किती दिस न्हाय म्हणू देतील?"

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, लांब गेला, तरी बाई तशाच बसून होत्या. मी म्हटलं, "बाई, यात तुमची काय चूक?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी माझे पेपर पुढ्यात ओढले.

निकाल चांगला लागला. सानिका वारणानगरला सायन्सला आहे, आत्याकडे राहते. मराठीत तिला भरपूर मार्क पडले आणि पर्यवेक्षकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बघा, बोर्डाची नजर." पण ते ऐकायला बाई नव्हत्या. दहावीची परीक्षा सुरू झाली आणि त्या रजेवर गेल्या, त्या निवृत्तीच्या दिवसापर्यंत. मी दोनदा फोन केला. "बरी आहे" म्हणाल्या, आणि ठेवला.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या मराठीच्या पेपरच्या आदल्या दिवशी. बाकांवर नंबर घालायला मी शाळेत गेलो होतो. शाळा रिकामी होती, शिपाई खोल्या झाडत होता. वरच्या व्हरांड्यातून पाठांतर म्हणतात तसा एका पोरीचा आवाज येत होता. जिना चढलो. बाई पायरीवर बसल्या होत्या, पांढऱ्या बुटांवर उन्हाची तिरीप पडलेली. मांडीवर गाईड उघडं. समोर सानिका हात मागे बांधून उभी.

"आणि तो काळा दिवस उगवला," सानिका म्हणत होती. "माझ्या आयुष्यातील... माझ्या आईच्या डोक्यात..."

"न्हाय," बाई म्हणाल्या. बोट गाईडातल्या ओळीवर होतं. "ते न्हाय. ते मधे येऊ देऊ नकोस. नंदादीप."

"माझ्या आयुष्यातील नंदादीप विझला."

"पुढं."

बाईंनी मला पाहिलं. मला वाटलं त्या गाईड मिटतील. त्यांनी मिटलं नाही आणि नजरही काढली नाही.

"सर, तुम्ही जावा," त्या म्हणाल्या.

मी वळलो. मागे सानिकानं उरलेलं सगळं न अडखळता म्हटलं, काव्यपंक्तीसकट. मग तिचा आवाज बदलला.

"बाई, ह्यो तुमी तपासला आस्ता तर किती दिलं आस्तं?"

"शून्य," बाई म्हणाल्या. "म्हण परत. पहिल्यापासनं."

जिना उतरून मी खाली वर्गात आलो, खडू घेतला आणि बाकांवर नंबर घालायला लागलो. वर पोरगी पुन्हा सुरू झाली होती.